ज्याचं त्याले

माही बहीण जमनी विहिरीत पडून मेली. पाय घसरला, असं रामलाल भाऊजी साऱ्या तांड्याले सांगून राह्यले.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी जमनीची आरशांची ओढणी घेतली आन् विहिरीवर गेली. आमच्यात म्हणतात, ओढणीतला आरसा वाईट ज्याचं त्याले वापस करते.

भाऊजी विहिरीकडे पाठ करून उभे होते. माह्या ओढणीकडे पाहता पाहता त्यांचं तोंड पांढरं पडलं.

"राखी, माह्यामागं कोन हाय?"

मी पाहिलं. कोनीच नव्हतं. फक्त खाली पाणी वाजून राह्यलं होतं.

"हरेक आरशात जमनीचे हात हायेत. वर येऊन राह्यले."

"पाहत राहा, भाऊजी," मी म्हटलं. "पाठीपर्यंत आले की सांगा."