काट्याखालचं पाणी

सुंदरबाईनं दुसरी घागर खड्ड्यात रिकामी केली, तेव्हा पाणी आतल्या कडेला खोचलेल्या काट्याला टेकलं. नबी मिस्त्रीनं चार बोटं खाली बाभळीचा आणखी एक काटा खोचला.

"दिवस मावळेस्तोवर पानी ह्या काट्याच्या वर ऱ्हायलं तर जमीन पक्की. खाली गेलं, तर मी हितं भिंत उभी करनार न्हाई."

अख्ख्या मोगलाईत असा गवंडी दुसरा नाही म्हणायचे. त्याच्यापुढं कोण बोलणार? तो आणि तिचा नवरा बंकट मुरूम बघायला माळावर गेले. सुंदरबाई राखणीला लिंबाखाली बसली.

पाटलानं दिलेली जागा एवढीच. ही कच्ची निघाली की पुन्हा दिराच्या गोठ्यातला तो कोपरा. नऊ वर्षं म्हशीच्या शेपटीचे फटके खात तिनं भाकरी थापल्या होत्या.

खड्ड्यातल्या पाण्यात आभाळ उतरलं होतं. तिनं तिथंच घर मांडलं. इथं चूल, इथं उखळ, इथं रांजण. मनातले मांडे ते, त्यांना पीठ कुठं लागतं! उन्हानं डोळे जड झाले. रांजणापाशी कुणीतरी आलं. हरणी होती, मागं काटकुळं पाडस. आपलंच घर असल्यासारखी दोघं पाणी पिऊ लागली.

हाकलायला तिनं हात उचलला. पाडसाचे पाय लटपटत होते. दारी आलेल्याला पाण्यावरून कसं उठवायचं? हात तसाच मांडीवर आला.

"अगं, झोपलीस व्हय?"

बंकटच्या आवाजानं ती दचकली. दिवस टेकला होता. खालचा काटा पाण्याबाहेर उघडा पडला होता.

"मातीनं गिळलं की समदं," म्हणत बंकट मटकन खाली बसला.

"हरणी आलती. पाडस घिऊन." बोलताना तिचा तिलाच भरवसा वाटेना.

"सपान पडलं आसंल तुला."

सुंदरबाईला रडू फुटलं. नबी मिस्त्री मात्र वाकून खड्ड्याभोवती फिरत होता. ओल्या कडेला खुरांचे ठसे होते. मोठे, आणि त्यांना खेटून बोटाच्या पेराएवढे.

"पानी मातीनं न्हाई प्यालं, बाई," तो म्हणाला. ठसे मोडणार नाहीत अशी पावलं टाकत तो हरणं जिकडून आली होती त्या बाजूला गेला आणि पिशवीतली खुंटी काढून त्यानं तिथं ठोकली.

"दार हिकडून ठिवू. वाट पडलीच हाय."