खोलीची किल्ली
शहरात वकिली करताना त्याने भाडेकरूंचे खटले जिंकले आणि त्याच पुण्याईवर तो संसदेत पोहोचला. नव्या भाडेकायद्यासाठी पक्षाच्या आदेशाने त्यानेही हात वर केला. आज त्याच्या पहिल्या अशील, शिवणकाम करणाऱ्या मावशी, कार्यालयात आल्या. त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. “तुम्हीच मिळवून दिली होती, वकीलसाहेब. आता मालक खोली रिकामी करा म्हणतोय. नवा कायदा त्याच्या बाजूने आहे.” “पक्षाचं ऐकावं लागतं, मावशी.” “लागत असेल. टीव्हीवर पाहिलं तुम्हाला. फार थकलेले दिसत होतात.” किल्ली मावशींना परत देऊन त्याने बायकोला फोन लावला. “माझा काळा कोट काढून ठेव. उद्या कोर्टात जायचंय.” “या वयात? कुणाविरुद्ध?” खुर्चीत रेलून त्याने डोळे मिटले. “मीच केलेल्या कायद्याविरुद्ध.”