बंबरावांची मध्यस्थी

इंदिराबाई अखेर नवऱ्याशी बोलल्या. पण हे घडलंच नाही असं समजा, कारण त्यांचंही अधिकृत म्हणणं तेच आहे. गणपतीत पाहुण्यांसमोर वेणीमाधवांनी त्यांच्या मोदकांना 'मजबूत' म्हटलं, तेव्हापासून घरात अबोला होता. थंडीची चाहूल लागली तसा माळ्यावरचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब खाली आला. एकाने आडवा धरायचा, दुसऱ्याने नळीतली काजळी खरवडायची. एकट्याचं कामच नव्हे. "बंबराव, यांना सांगा, नीट धरा," इंदिराबाई बंबाला म्हणाल्या. "बंबराव, धरलंय म्हणावं. हात भरून आलाय." "एवढे मजबूत मोदक उचलताना नाही आला?" हे थेट होतं, बंबरावांना वगळून. वेणीमाधव हरखले. थंडी सरली की बंब माळ्यावर आणि इंदिराबाई पुन्हा अबोल्यात, या धास्तीने त्यांनी मनातच अर्ज केला: हवामान खात्याने नाशिकचा उन्हाळा यंदा रद्द करावा, ही नम्र विनंती.