बलक घट्ट होईपर्यंत

बलक अजून थरथरत होता. हर्षाने गॅस आणखी बारीक केला, अंड्यावर झाकण ठेवलं आणि मागची खिडकी सताड उघडली. श्रावणातला सोमवार. सासूबाई कमलाक्षी आणि डिचोलीहून आलेली त्यांची नणंद प्रभावती आते देवळात अभिषेकाला गेल्या होत्या. नवरा कामावर. कोरगावच्या त्या घरात हर्षा एकटी होती. एकटी म्हणायचं एवढंच, तिसरा महिना चालू होता.

ते नवरा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या खेपेला बातमी आतेच्या कानावर गेली आणि अख्ख्या डिचोलीत पोचली. मग ते राहिलं नाही. तेव्हाही आते आली आणि हर्षाचं कुठे चुकलं ते चारचौघांत सांगून गेली. या वेळी गणपतीच्या चवथीपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. पण डॉक्टरीणबाईंना श्रावणाशी काय देणंघेणं? रोज अंडं खा, म्हणाल्या, पण बलक पुरता शिजलेला. उकडलेलं पोटात ठरत नव्हतं, म्हणून हा तव्याचा उपद्व्याप. एरवी तिला अर्धकच्चा बलक पोईच्या पावाने पुसून खायला आवडायचा, आणि तो झटक्यात होतो. घट्ट बलकाला वेळ लागतो. तेवढ्या वेळात वास सगळं घर हिंडून येतो.

तिने अंडं उलटलं, उलथण्याने दाबून पाहिलं. पिवळा ओघळ आला. अजून नाही.

तेवढ्यात पुढच्या फाटकाची कडी वाजली. पाठोपाठ आतेचा आवाज. हर्षाने तवा उचलला, मागच्या दाराने धावली आणि धुण्याच्या दगडापाशी टेकवून परत आली. दगडाला लागूनच योगिताच्या खोलीचं दार होतं.

योगिता भाडेकरू. बेळगावकडची, तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला. रात्रपाळी करून ती आता झोपली होती. घरातल्या वाढदिवसाचा केक तिने हसत परत दिला होता. 'आमच्यात अंडं चालत नाही, ताई.'

"वयनी, वास कसलो गो ह्यो?" आतेने दारातच नाक वर केलं. त्या नाकापुढे तव्याचा काय पाड लागणार! ती सरळ मागच्या अंगणात गेली. "बघ! श्रावणात, सोमाराचां अंडां! ह्या घाट्यांका खोली दिवची नाय म्हणान मी आदीच सांगलेलां."

कमलाक्षीने तव्याकडे एकदा पाहिलं. मग योगिताच्या दारावर थाप मारली. "योगिता! माझ्या दारात ह्यां असलां चलाचां नाय. महिनो सरलो काय खोली खाली कर!"

योगिता डोळे चोळत बाहेर आली. "अवो काकू, आमच्यात तर अंडं..." म्हणता म्हणता तिची नजर वर गेली. मागच्या दारात हर्षा उभी होती. हातात उलथणं. उलथण्याच्या कडेला पिवळं.

योगिताचं वाक्य तिथेच थांबलं. ती हर्षाकडे बघत राहिली. ती वाट बघतेय, हे हर्षाला स्वच्छ कळलं. एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंसुद्धा. हर्षाने उलथणं ओढणीआड लपवलं.

"बरं, काकू," योगिता म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही.

जेवताना आतेने वयनीच्या कडकपणाचं तोंड भरून कौतुक केलं. हर्षाला स्वतःची शिसारी आली होती. पोटातल्यासाठी गप्प राहिले, असं तिने मनाशी घोकलं. आते गेली की योगिताला सगळं सांगायचं.

आते दुपारच्या बसने गेली. हर्षा दोनदा मागे गेली, त्या लोटलेल्या दारासमोर उभी राहिली, आणि दोन्ही वेळा नळ नीट बंद आहे ना बघून परत आली.

तिन्हीसांजेला सासूबाई स्वयंपाकघरात शिरल्या. घासलेला तवा त्यांनी गॅसवर ठेवला. तांदळाच्या डब्यामागे हात घालून हर्षाने लपवलेलं अंडं काढलं आणि फोडलं. त्या आज सोमवार धरून होत्या. हर्षा पुढे झाली.

"आई, तुमका कळलां...?"

"तवो माझो. माझो तवो माका वळखूक येवचो नाय? आनी तुझी सकाळची ओकारी आयकूक येवची नाय?" त्यांनी अंडं उलटलं, दाबून पाहिलं, पुन्हा झाकण ठेवलं. "बलक घट्ट होयपर्यंत हलू नको. अर्धकच्चो खाव नको."

"आणि योगिता?"

"तिका मी कवाच सांगून इलंय. खोली सोडू नको, चूक माझी, म्हटलंय."

हर्षाचा जीव भांड्यात पडला. "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, ताई येतील म्हणून कडी घातली नाही."

सासूबाईंनी बशी तिच्यासमोर ठेवली. अंड्यातून पिवळा थेंबसुद्धा आला नाही.

"मी खोटां बोललंय तां पोटातल्यासाठी," त्या म्हणाल्या. "पण प्रभावती तर दुपारीच गेली. मगे तू गप रवलंस तां कोणासाठी गो?"