दाखवायचा पाय

अपंगत्व पेन्शनच्या अपिलाची उद्या सुनावणी, म्हणून बाबा लाकडी पायाच्या बुटालाही पॉलिश करत होते. "पुन्हा नवा सरकारी वकील, म्हणजे पुन्हा पाय काढून दाखवणं आलं," ते हसले. "लढाईत तुटला तेव्हाही एवढी गर्दी नव्हती बघायला." लेक उसळली, तसे म्हणाले, "तू गप्प बस हं बाळा. पेन्शन खात्याचे साहेब दुखावले तर तारीख लांबेल." सकाळी ते उठलेच नाहीत. पुढच्या तारखेला ती एकटीच गेली. "वकील पैशाला पासरी मिळतात," म्हणत खात्याच्या मुरलेल्या वकिलांना सोडून जाऊ देणारे तेच साहेब समोर होते. त्यांच्या शेजारचा सरकारी वकील म्हणाला, "मी नवीन आहे. अपीलदाराने पाय दाखवावा." तिने पिशवीतून चकचकीत बुटासकट पाय काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. "बाबा गेले. हा आता तुमचा. यापुढे येईल त्या प्रत्येक नव्या वकिलाला तुम्हीच दाखवत बसा."