पत्रे वाजले की

शिलाई मशीनवरचा पाय थांबवून वच्छलाने सहज दाराबाहेर पाहिलं आणि ती ताडकन उठली. भर दुपारी भिंतीला चिकटून असणारी सावली पार तुळशीपर्यंत लांबली होती. म्हणजे दुपार कलली, आणि सासऱ्यांना ताक द्यायचं राहिलंच.

घरात घड्याळ होतं, पण उन्हाळ्यात त्याच्याकडे बघायची कुणाला सवय नव्हती. ऊन तापलं की छताचे जुने पत्रे तडतड वाजायला लागायचे, आणि ते वाजले की आतल्या खोलीत ताकाचा तांब्या जायचा. मागच्या वैशाखात सासऱ्यांना ऊन लागलं, मरता मरता वाचले. म्हणून तर तिच्या नवऱ्याने कालच पत्र्यांवर तुराट्यांचा जाड थर अंथरून वरून मातीने लिंपून घेतलं होतं. आज पत्रे वाजलेच नव्हते.

ती तांब्या भरून धावली. सासरे भिंतीकडे तोंड करून निपचित पडले होते. तिने पायाला हात लावला. पाय गार होता.

"मामा," तिने हाक मारली. "ओ मामा, उठा की." तिने घाईने त्यांना हलवलं आणि ताक त्यांच्या धोतरावर सांडलं.

सासऱ्यांनी कूस बदलली. डोळे किलकिले करून आधी तिच्याकडे, मग वर छताकडे बघितलं.

"पत्रे तर अजून वाजले नाहीत," ते कुरकुरले. "सकाळी सकाळी ताक कशाला आणलंस गं पोरी?"