रुपये की युरो

"काकू, तनयाचं कार्ड चालत नाहीये!"

वरच्या मजल्यावरचा परीक्षित फोन हातात धरून धडधडत जिना उतरला आणि थेट हेमलताबाईंच्या स्वयंपाकघरात शिरला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

परीक्षित आणि तनया हे पुण्याचं जोडपं तीन महिन्यांपूर्वीच बाईंच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरात भाड्याने आलं होतं. नोएडातल्या ऑफिसने तनयाला व्हिएन्नाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा बाई पैशांबद्दल चार गोष्टी सांगायला गेल्या होत्या. "काकू, आता सगळं ॲपवर असतं. बिलकुल टेन्शन नाही," म्हणत परीक्षितने त्यांना प्रेमाने गप्प केलं होतं. बाईंना ते चांगलंच लागलं होतं.

आता ॲप गप्प होतं. तनया तिकडे हॉटेलच्या काउंटरवर अडकली होती आणि विमानाला तीन तास उरले होते. बिल सहाशे तीस युरोंचं, कार्डात सहाशे चाळीस, तरी मशीनने दोनदा 'शिल्लक अपुरी' म्हणून नकार दिला होता. दुसरं कार्ड परदेशासाठी सुरू करायचा ओटीपी तिच्या इथल्या नंबरावर येणार, आणि तो नंबर तिकडे बंद. बिल भरल्याशिवाय हॉटेलवाले सामान सोडेनात.

बाईंनी हात पुसून फोन घेतला.

"तनया, रडू नकोस. मशीन आधी काही विचारतं का गं? रुपये की युरो?"

"हो काकू. मी रुपये दाबते. आपलेच ना!"

"तिथेच फसलीस. तुझ्या कार्डात युरो भरलेत. रुपये म्हणालीस की मशीन बिलाचे रुपये करतं, तेही स्वतःच्या भावाने. मग कार्ड त्यांचे परत युरो करतं. दोन्हीकडे कात्री. वरचे दहा युरो कुठे पुरणार? युरो दाब."

परीक्षितने डोळे मिटून घेतले.

"झालं! काकू, झालं!" तनया तिकडून किंचाळली.

परीक्षित मटकन खुर्चीत बसला. जरा शरमलाही.

"मानलं तुम्हाला, काकू! तुमचे किती देश फिरून झालेत?"

"एकही नाही. पासपोर्टच काढला नाही कधी." हेमलताबाई ताठ बसल्या. "बँकेत परकीय चलनाच्या खिडकीवर बत्तीस वर्षं होते मी. परदेशी निघालेली अर्धी दिल्ली माझ्यासमोर रांगेत उभी असायची."